खोटं नाव, खरा जीव : खानदेशातली प्रेम-रहस्याची पानं

प्रेम आणि रहस्य एकाच कादंबरीत नांदवायचं तर सामान ठरलेलं असतं. खोट्या नावानं वावरणारा एक माणूस हवा, त्याच्यावर जीव जडलेलं दुसरं माणूस हवं आणि दोघांच्या मध्ये सांगता न येणारी एक गोष्ट हवी. पाठलाग, गोळीबार, मध्यरात्रीची भेट हे सगळं लेखकाला त्या मानानं सोपं जातं. ज्याचं नावही खरं नाही त्याच्यावर दुसऱ्यानं विश्वास का ठेवावा, हे वाचकाला पटवताना मात्र कस लागतो. अशी कादंबरी तिथेच तरते, नाही तर तिथेच फसते. आणि या बाबतीत चाळीसगाव आणि त्याच्या भोवतालच्या खानदेशाकडे इतका खराखुरा ऐवज आहे, की कादंबरीकारानं नुसती वही उघडून बसावं.

पंजाब मेल आणि दोघांचं जेवण

सुरुवात गावातूनच. जगप्रसिद्ध छायाचित्रकार केकी मूस यांचा बंगला चाळीसगाव स्टेशनजवळ आहे. मूस यांचा जन्म २ ऑक्टोबर १९१२ चा, मुंबईतल्या पारशी घरातला. कलाशिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले, परत आले ते चाळीसगावला, आणि मग जवळजवळ पन्नास वर्षं त्यांनी घराचा उंबरा फारसा ओलांडलाच नाही. ३१ डिसेंबर १९८९ ला ते गेले.

का ओलांडला नाही? गावात सांगतात ती गोष्ट अशी : मुंबईतल्या प्रेयसीनं शब्द दिला होता, 'मी पंजाब मेलनं येईन.' त्या शब्दावर मूस रोज मेलच्या वेळेला दार उघडून तयार असत आणि टेबलावर दोघांचं जेवण मांडलेलं असे. ती आली नाही, आणि वाट बघणं काही थांबलं नाही. या गोष्टीत दंतकथा किती मिसळली असेल ती असो. मला मात्र ती हेरकथांतल्या कुठल्याही प्रेमापेक्षा धाडसी वाटते, कारण इथे समोरून एकही पुरावा नसताना एक माणूस विश्वास ठेवत राहिला.

यातला योगायोगही मजेचा आहे. पंजाब मेल पहिल्यांदा धावली ती १ जून १९१२ ला, मुंबईच्या बॅलार्ड पिअरहून थेट पेशावरकडे. म्हणजे गाडी आणि तिची वाट बघणारा माणूस एकाच वर्षी जन्मले, गाडी फक्त चार महिन्यांनी मोठी!

मूस यांच्या कलेतही वेषांतर होतं. 'टेबल टॉप' छायाचित्रण हा त्यांचा हातखंडा. साध्यासुध्या वस्तू टेबलावर मांडायच्या, प्रकाश असा पाडायचा की बघणाऱ्याला अख्खा निसर्ग दिसावा. घराबाहेर न पडता त्यांनी मोठमोठी दृश्यं टिपली ती अशी. त्यांचं घर आता संग्रहालय आहे. चाळीसगावला उतरणाऱ्यानं ते चुकवू नये.

कमळात अडकलेला प्रियकर, उत्तर ७२

चाळीसगावपासून जवळच, सह्याद्रीच्या कुशीत पाटणादेवी आहे. तिथल्या देवळातला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. शके ११२८ च्या सुमारास भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ स्थापला, असं तो लेख सांगतो. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी या रानात गणिताचं विद्यापीठ होतं.

आता गणिताचा आणि प्रेम-रहस्याचा संबंध काय? भास्कराचार्यांची 'लीलावती' (इ. स. ११५०) उघडा. त्यात भुंग्यांचं एक उदाहरण आहे. थव्याच्या निम्म्याचं वर्गमूळ काढा, तेवढे भुंगे मालतीकडे गेले. एकूण थव्याचे आठ नवमांश भुंगेही तिकडेच गेले. उरला एक भुंगा सुगंधाच्या लोभानं रात्री कमळात कोंडला गेला आहे, आणि बाहेर त्याची भुंगी त्याच्या गुणगुणण्याला साद देत घिरट्या घालते आहे. तर थवा केवढा? उत्तर ७२. निम्मे ३६, त्याचं वर्गमूळ ६. आठ नवमांश म्हणजे ६४. आणि हे दोघं. बंद दार, रात्र, आत एक, बाहेर एक, आणि दोघांना एकमेकांचा फक्त आवाज! आजचा कुठलाही रहस्यकथाकार या प्रसंगावर एक प्रकरण संपवेल आणि पुढच्या पानाची ओढ लावेल. भास्कराचार्यांनी तो वर्गसमीकरणाला लावला.

लीलावती त्यांची मुलगी, तिच्या लग्नाचा मुहूर्त घटिकापात्रात मोती पडल्यानं चुकला, ही गोष्टही सगळ्यांना ठाऊक असते. ती आपल्यापर्यंत पोचली ती अकबराच्या दरबारातल्या फैजीनं १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतरातून. खुद्द भास्कराचार्यांच्या ग्रंथात ती नाही.

पंचवीस रुपये दंड

मराठी रहस्यकथेत लेखकच पुष्कळदा वेषांतरात असतो. बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. हजाराहून अधिक पुस्तकं त्यांच्या नावावर आहेत. धनंजय-छोटू, काळापहाड आणि झुंजार यांनी दोन-तीन पिढ्यांना वाचनाची गोडी लावली, हे ऋण आपण पुरेसं मानलेलं नाही असं मला वाटतं. झुंजारच्या साहसांत पत्नी विजया त्याच्या बरोबरीनं असते. नवऱ्याचं गुपित तिला माहीत असतं, म्हणून ती संकटातही उपयोगी पडते. नायिकेला काहीच न सांगणाऱ्या नायकांच्या गर्दीत हे जोडपं उठून दिसतं.

अंमळ गरम मजकुराचं म्हणाल तर चंद्रकांत काकोडकरांना पर्याय नाही. १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकातल्या त्यांच्या 'श्यामा'वर अश्लीलतेचा खटला झाला. खालच्या कोर्टानं सोडलं, उच्च न्यायालयानं दोषी धरून पंचवीस रुपये दंड केला आणि अंकाच्या प्रती नष्ट करायला सांगितलं. काकोडकर सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६९ साली तिथे ते निर्दोष सुटले. त्याच वर्षी त्यांच्या 'नीलांबरी'वर आधारलेला राज खोसलांचा 'दो रास्ते' पडद्यावर आला आणि राजेश खन्ना-मुमताजनं देश वेडा केला. एकाच वर्षी दिल्लीचं न्यायालयही जिंकलं आणि गावोगावची थिएटरंही, असं भाग्य मराठी कादंबरीकाराच्या वाट्याला क्वचितच येतं.

बऱ्हाणपूरचा पेला

बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असलं तरी एके काळी खानदेश सुभ्याचं मुख्य ठाणं होतं. तरुण औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना तिथल्या बागेत त्याला हीराबाई दिसली. आंब्याच्या फांदीला हात घालून तिनं फळ तोडलं आणि शहजादा जागीच घायाळ झाला, असं फारसी ग्रंथ सांगतात. गोष्टीचा खरा पीळ पुढे आहे. एक दिवस तिनं त्याच्या हातात मद्याचा पेला दिला आणि प्यायचा आग्रह धरला. मद्याला न शिवणारा तो माणूस नाही नाही म्हणत शेवटी पेला ओठांशी नेतो, तोच ती पेला हिसकावून घेते. तिला त्याचं प्रेम जोखायचं होतं, व्रत मोडायचं नव्हतं. पुढे ती लवकरच वारली. पण परीक्षा कुठे थांबवायची हे तिला कळत होतं. म्हणून या गोष्टीत मला तीच मोठी वाटते.

घाटाचं नाव, घाटाचं इमान

चाळीसगावहून कन्नडकडे चढणारा घाट जुन्या कागदांत औट्रम घाट म्हणून येतो. कंपनीचा अधिकारी जेम्स औट्रम १८२५ साली खानदेशात आला आणि त्यानं भिल्ल पलटण उभी केली. त्याची युक्ती बंदुकीची नव्हती. तो भिल्लांच्या वस्तीत एकटा गेला, त्यांच्यात राहिला, त्यांच्यात निर्धास्त झोपला. विश्वास असा कमावता येतो हे खरं. पण कंपनी सरकारनं तो वापरला कशाला, तर त्याच मुलखावर पकड बसवायला, हेही तितकंच खरं. सेंधवा घाटाची राखण करणारा सरकारी नोकर खाज्या नाईक १८५७ मध्ये उलटला, त्यानं सरकारी खजिना लुटला आणि १८५८ मध्ये अंबापाणीच्या लढाईत भिल्लांनी इंग्रजी फौजेला झुंजवलं. एका बाजूनंच पाळायचं इमान किती टिकणार!

जगाच्या पाठीवर, झटपट

इयान फ्लेमिंगनं पहिली बाँड कादंबरी 'कॅसिनो रॉयाल' लिहायला घेतली फेब्रुवारी १९५२ मध्ये, स्वतःच्या लग्नाच्या तोंडावर. आणि तिचा गाभा काय? बाँड जिच्यावर जीव टाकतो ती वेस्पर दुहेरी हेर निघते. पुढच्या सगळ्या बाँडचा कोरडेपणा त्या एका दग्यातून आला आहे.

दुसरं उदाहरण खऱ्या युद्धातलं. १९४३ मध्ये ब्रिटिशांनी स्पेनच्या किनाऱ्याजवळ एक प्रेत सोडलं. खिशात कागदपत्रं 'मेजर विल्यम मार्टिन' या कधीच न जन्मलेल्या अधिकाऱ्याची, आणि सोबत हल्ल्याची खोटी योजना. पण नुसत्या योजनेवर जर्मन कसे भुलणार? म्हणून त्याच खिशात 'पॅम' नावाच्या वाग्दत्त वधूचा फोटो, तिची दोन प्रेमपत्रं आणि साखरपुड्याच्या अंगठीची पावती ठेवली. फोटो होता गुप्तचर खात्यातल्या एका तरुण कर्मचारिणीचा. जर्मन फसले, सिसिलीवरचा हल्ला यशस्वी झाला. लष्करी कागदाला खरेपणा आणला तो प्रेमपत्रांनी.

त्याच्या आधीच्या वर्षी आपल्या मुंबईत बावीस वर्षांची उषा मेहता गुप्त काँग्रेस रेडिओ चालवत होती. पोलिस माग काढतील म्हणून सारख्या जागा बदलायच्या. १२ नोव्हेंबर १९४२ ला रेडिओ पकडला गेला तो फितुरीमुळे : ठिकाण सांगितलं ते त्यांच्याच एका तंत्रज्ञानं. पुढे महिनोन्महिने चौकशी झाली, उषाबाईंनी तोंड उघडलं नाही.

मोलकरणीच्या साडीतली गुप्तहेर

महाराष्ट्रातल्या पहिल्या महिला खासगी गुप्तहेर म्हणून रजनी पंडित यांचं नाव घेतलं जातं. त्यांची सगळ्यात गाजलेली कामगिरी त्यांनीच मुलाखतींतून सांगितली आहे. नवरा आणि मुलगा यांच्या खुनाचा संशय असलेल्या एका बाईच्या घरी त्या मोलकरीण म्हणून राहिल्या. धुणीभांडी केली, बाई आजारी पडल्या तेव्हा सेवा केली, सहा महिने विश्वास कमावला. मग एकदा शांत घरात त्यांच्याकडच्या रेकॉर्डरची 'टिक' वाजली आणि मालकिणीनं त्यांचं बाहेर जाणंच बंद केलं. पुढे ज्याच्यावर नजर ठेवायची तो माणूस घरी आला. खबर द्यायला बाहेर तर पडायला हवं. रजनीबाईंनी स्वयंपाकघरातल्या सुरीनं स्वतःचा पाय कापून घेतला, मलमपट्टीच्या निमित्तानं निघाल्या आणि थेट टेलिफोन बूथ गाठला.

ही हकीकत थरारक आहेच. पण तिच्यातला अवघड भाग मला सुरीचा वाटत नाही. जिची आजारपणात सेवा केली तिलाच पकडून द्यायचं, हे ओझं वेषांतर करणाऱ्याला कुणी काढून देत नाही. चांगली प्रेम-रहस्य कादंबरी जन्मते ती याच पेचातून.

दवाखान्यातून निसटलेल्या लीलाताई

आता पुन्हा खानदेशात, आणि इथे जरा थांबू. कारण 'भूमिगत जोडपं' हा कादंबरीतला सगळ्यात रंगतदार प्रकार इथे सत्यात झाला.

साल १९४२, 'चले जाव'चं. साने गुरुजी भूमिगत झाले होते. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये त्यांनी घडवलेली पोरं आणि त्यांच्या विचारानं पेटलेली खेडी मागे होती. पुण्या-मुंबईकडे एस. एम. जोशी दाढी वाढवून 'इमाम अली' या नावानं पोलिसांच्या डोळ्यांदेखत वावरत होते. अमळनेर तालुक्यातल्या डांगरीचे डॉ. उत्तमराव पाटील आणि त्यांच्या पत्नी लीलाताई या धामधुमीत पुढे होत्या. ऑगस्टमधल्या अमळनेरच्या उठावानंतर लीलाताईंना शिक्षा झाली. त्या काळी घरंदाज बाई तुरुंगात जाणं हीच मोठी गोष्ट. लीलाताई त्याच्याही पुढे गेल्या : कैदेत असताना उपचारासाठी पुण्याला दवाखान्यात आणलं, तिथून त्या पहाऱ्यातून निसटल्या आणि भूमिगत झाल्या.

आता विचार करा. नवरा-बायको दोघंही फरारी. पत्ता नाही, पत्र नाही. नवरा कुठे आहे हे बायकोला सांगायला येणारा निरोप्या आपला की पोलिसांचा खबऱ्या, हे ठरवायला हातात काही खूण नाही. घराची दारं उघडणारी अनोळखी माणसं, ज्यांच्या भाकरीवर रात्र काढायची, त्यांनी तोंड उघडलं तर सगळंच संपलं. सरकारनं फरारी लोकांवर इनामं लावली होती आणि खेडी गरिबीत होती. तरी ती दारं उघडत राहिली. चळवळीचा इतिहास लिहिताना आपण पुढाऱ्यांची नावं लिहितो. या भाकरी देणाऱ्या बायांची यादी कुणीच केली नाही, आणि ही उणीव मला फार सलते.

मग १४ एप्रिल १९४४. शिंदखेडा तालुक्यातलं चिमठाणे. धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना इथे लुटला गेला : साडेपाच लाखांच्या वर रक्कम. लुटणारे कोण? इंग्रजांना न जुमानता चाललेल्या साताऱ्याच्या प्रतिसरकारचे जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी आणि त्यांचे साथी, आणि खानदेशातून डॉ. उत्तमराव पाटील व त्यांची माणसं. कृष्णाकाठची पोरं तापीच्या खोऱ्यात आली. मुलूख परका, बोली वेगळी, वाटा अनोळखी. इथल्या माणसांनी हात दिला नसता तर ती चार पावलं चालू शकली नसती. पैसा चळवळीला गेला. चिमठाण्याला त्या दिवसाची आठवण अजून जागवली जाते.

यातलेच जी. डी. बापू पुढच्या वर्षी, १९४५ मध्ये, कुंडलला बोहल्यावर चढले, पकडवॉरंट डोक्यावर असताना! वधू विजयाताई. चोरून, चार माणसांत हे लग्न झालं नाही. त्याला अख्खी पंचक्रोशी लोटली.

हौसाबाईंची तक्रार

शेवटची नायिका क्रांतिसिंह नाना पाटलांची लेक, हौसाबाई. जन्म १९२६, मृत्यू २०२१. हिचं एकटीचं आयुष्य दोन कादंबऱ्यांना पुरेल.

१९४४ मध्ये चळवळीतले बाळ जोशी गोव्यात पोर्तुगीजांच्या कैदेत होते. हौसाबाई बहीण बनून पणजीच्या तुरुंगात त्यांना भेटायला गेल्या. सुटकेच्या बेताची चिठ्ठी अंबाड्यात लपवली होती. घरी तान्हं मूल ठेवून ही बाई परक्या राज्याच्या तुरुंगात शिरली. परतताना रेल्वेवर पोलिसांची नजर, म्हणून रानातून पायपीट आणि मध्ये मांडवी नदी. नाव नाही, होडी नाही. एका मोठ्या लाकडी पेटीवर पोटावर पडून, बाजूनं पोहणाऱ्या साथीदारांच्या भरवशावर, मध्यरात्री त्यांनी मांडवी पार केली.

पण मला आवडतो तो प्रसंग त्याच्या आदल्या वर्षीचा, सांगली भागातल्या भवानीनगरचा. पोलिस ठाण्यातल्या बंदुका हव्या होत्या. बेत असा : हौसाबाई आणि एक कार्यकर्ता यांनी नवरा-बायको बनून ठाण्यासमोर भांडायचं. नवऱ्यानं बायकोला बडवायला सुरुवात केली. मग त्यानं मोठा धोंडा उचलला, आता हिचं डोकं फोडतो म्हणाला. दोघं पोलिस भांडण सोडवायला धावत बाहेर आले, आणि मागून साथीदारांनी ठाण्यातल्या बंदुका आणि काडतुसं उचलली.

हे नाटक उभं राहिलं ते हौसाबाईंच्या भरवशावर. धोंडा डोक्यावर उचललेला माणूस खरोखर घालणार नाही, हे त्यांना क्षणभरही शंका न येता माहीत असायला हवं होतं. ते माहीत होतं म्हणून त्या जागच्या हलल्या नाहीत आणि पोलिसांना सगळं खरं वाटलं.

नव्वदी ओलांडल्यावर पत्रकार पी. साईनाथांना ही हकीकत सांगताना हौसाबाईंनी इंग्रजांबद्दल, पोलिसांबद्दल, धोक्याबद्दल गाऱ्हाणं केलं नाही. त्यांची तक्रार होती त्या खोट्या नवऱ्याबद्दल : मेल्यानं मारलं मात्र जोरात!